सोंड नसलेला पतंग आणि बीत बारा वर्षं बसलेली अळी

शंकासुर (धागाकर्ते)

फुलपाखरं आणि पतंग मिळून आजवर नोंदलेल्या जाती दीड लाखाच्या पुढे आहेत. त्यातल्या जवळपास सगळ्यांना गुंडाळता येणारी सोंड असते. काहींची सोंड पुढे निकामी झाली, पण त्यांचे पूर्वज सोंडवालेच होते. राहता राहिले मूठभर. त्यांना सोंड कधी आलीच नाही. त्यांच्या तोंडात आजही चावायचे जबडे आहेत, नाकतोड्याला असतात तसे.

या मूठभरांची तीन कुळं. मायक्रोप्टेरिजिडी कूळ जगात बऱ्याच ठिकाणी सापडतं. त्यातले चिमुकले पतंग परागकण आणि नेच्यांचे बीजाणू चावून खातात. दुसरं हेटेरोबॅथमियाचं, थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे, नोथोफॅगस नावाच्या झाडांच्या जंगलात. त्याची ओळखच जगाला १९७९ साली झाली. तिसरं अगॅथिफॅगाचं, आणि हा धागा त्याच्यासाठी.

अगॅथिफॅगाच्या कुळात प्रजाती एकच आणि तिच्यात जाती दोनच. अगॅथिफॅगा क्वीन्सलँडेन्सिस ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ईशान्य किनाऱ्यालगत राहते, तर अगॅथिफॅगा व्हिटिएन्सिस फिजी, व्हानुआतू आणि सॉलोमन बेटांवर. दोघींच्या अळ्यांचं अन्न एकाच प्रकारचं: कौरी झाडाची बी. कौरी म्हणजे अगॅथिस, सूचिपर्णी वृक्षांच्या अरॉकेरिएसी कुळातलं. आपल्याकडे बंगल्यांच्या आवारात लावतात आणि सर्रास 'ख्रिसमस ट्री' म्हणतात ते उंच अरॉकेरिया याच कुळातलं. १९९४ साली ऑस्ट्रेलियात सापडलेलं वोलेमी पाइनही याच कुळातलं.

न्यूझीलंडचे कीटकशास्त्रज्ञ लायोनेल जॅक डंबलटन यांनी १९५२ साली या पतंगाचं पहिलं वर्णन केलं. तेव्हा जबडेवाल्या पतंगांचं मायक्रोप्टेरिजिडी हे एकच कूळ माहीत होतं, म्हणून त्यांनी यालाही तिथेच बसवलं. शरीराचा बारीक अभ्यास झाल्यावर त्याला वेगळं कूळ द्यावं लागलं. त्या अभ्यासात मोठा हात डेन्मार्कच्या नील्स पेडर क्रिस्टेन्सन यांचा. या गृहस्थांनी आदिम पतंगांचे स्नायू न् स्नायू पाहून ठेवले आहेत.

आता शरीराकडे. बसलेला अगॅथिफॅगा पाहिलात तर पतंग म्हणणार नाही, कॅडिसफ्लाय म्हणाल, म्हणजे पाण्याकाठी दिसणारा एक पतंगासारखा कीटक. मळकट तपकिरी, पंख पाठीवर छपरासारखे उतरते, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) लांब आणि दोऱ्यासारख्या. हे साम्य उगाच नाही, कारण कॅडिसफ्लाय हे पतंगांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक. त्यांच्या पंखांवर केस असतात, पतंगांच्या पंखांवर खवले. अगॅथिफॅगाला खवले आहेत, पण भरीव. सोंड आल्यानंतरच्या शाखांमध्ये जे पोकळ खवले दिसतात, ते याच्याकडे नाहीत.

पंखांचंही तसंच. फुलपाखरांत पुढचा आणि मागचा पंख अगदी वेगळा, शिरांची मांडणीही वेगळी. अगॅथिफॅगात दोन्ही पंखांच्या शिरा जवळजवळ सारख्या. पुढच्या पंखाच्या बुडाशी एक छोटी पाळी असते, ती मागच्या पंखावर येते. बहुतेक पतंगांत हे काम मागच्या पंखावरचा एक ताठ राठ केस करतो. तोंडाशी जबड्यांच्या शेजारी लांबच लांब, पाच पेरांच्या स्पर्शिका. इतर पतंगांत ज्या भागापासून सोंड बनते तो भाग याच्याकडेही आहे, पण आखूड आणि सुटा.

इथपर्यंत सगळं जुनंपुराणं. अळी मात्र जुनी अजिबात नाही, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. बीच्या आत राहायचं, आतच खायचं, आतच कोष करायचा, त्यामुळे चालायची गरज उरली नाही. पोटाचे पाय नाहीत, छातीच्या पायांचे नुसते अवशेष. डोळे खुरटलेले, शृंगिका आखूड. एवढी काटछाट झालेली अळी 'आद्य पतंगाची अळी अशीच असेल' म्हणून दाखवता येणार नाही. प्रौढ कीटक जुन्या काळातला आणि अळी पार बदललेली, हे दोन्ही एकाच प्राण्यात.

कोषही पाहण्यासारखा. आपण ओळखतो ते पतंगांचे कोष म्हणजे हातपाय चिकटून गेलेली गुळगुळीत कुपी. अगॅथिफॅगाच्या कोषाचे पाय, पंख, शृंगिका शरीराला चिकटलेल्या नसतात आणि जबडे हलतात. कडक बीत अडकलेल्या जीवाला बाहेर पडायचं तर जबडे हवेतच.

आणि शेवटी ती बारा वर्षं. मरे अप्टन यांनी १९९७ साली क्वीन्सलँडच्या जातीबद्दल टिपण प्रसिद्ध केलं: अळी बीच्या आत बारा वर्षं निद्रावस्थेत राहिली आणि मग पूर्ण वाढली. यावर एक स्पष्टीकरण सगळीकडे वाचायला मिळतं. म्हणे एवढी झोप म्हणजे बीबरोबर समुद्र ओलांडून बेटाबेटांवर पोचायची तयारी. मला हे पटत नाही. का, ते प्रतिसादांत बोलू.

---

खारीचा_वाटा

वाचनखूण साठवली आहे. अरॉकेरियाला ख्रिसमस ट्री म्हणणाऱ्यांत मीही आलेच की.

एक बाळबोध प्रश्न. पतंग आधी आले की फुलं? सोंड मधासाठी आली असं शाळेत शिकवलं होतं. मग सोंड नसलेले पतंग फुलांच्या आधीचे असं समजायचं का?

---

शंकासुर

शाळेतलं आता थोडं सोडून द्यावं लागेल. २०१८ साली जर्मनीतल्या एका खोल बोअरच्या गाळात पतंगांचे सत्तरेक खवले सापडले, सर्वांत जुने सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचे. टिमो व्हॅन एल्डाइक तेव्हा विद्यार्थी होते. त्यांनी हे खवले सुईच्या टोकाला नाकातला केस लावून एकेक करून उचलले! खवला एवढा नाजूक की चिमट्याने भुगा होतो.

त्यातले काही खवले पोकळ निघाले. पोकळ खवले सोंडवाल्या शाखेतच असतात. म्हणजे सोंड २० कोटी वर्षांपूर्वी होती आणि फुलझाडांचे भरवशाचे जीवाश्म मिळतात ते त्यानंतर कितीतरी कोटी वर्षांनी. मग सोंडेने प्यायचं काय? अंदाज असा, की सूचिपर्णी आणि त्यांच्यासारख्या झाडांच्या बीजांडातून परागकण धरण्यासाठी एक थेंब पाझरतो, तो थेंब आणि पाणी. मध नंतर आला.

तेव्हा जबडेवाले पतंग फुलांच्या फारच आधीचे.

---

कपाशीवाला

यवतमाळहून नमस्कार. तुमचा पतंग परदेशी आहे, पण त्याची कथा मला घरचीच वाटली. गुलाबी बोंडअळी!

ती पण पतंगाचीच अळी. बोंडात शिरते, सरकी पोखरते आणि हंगाम संपला की काही अळ्या कोषात जातच नाहीत. दोन सरक्या रेशमाने एकमेकींना चिकटवून आत बसून राहतात. जिनिंगमध्ये अशा जोडसरक्या फोडून पाहा, आत वेटोळं करून बसलेली अळी दिसते, थंडीत हातावर घेतली तरी हलत नाही. अशी सुप्तावस्था दोन वर्षांपर्यंत टिकल्याच्या नोंदी आहेत. म्हणून तर कृषी खात्याचे लोक ओरडून सांगतात, फरदड (वेचणीनंतर तेच पीक पुढे ठेवून घेतलेला कापूस) घेऊ नका, पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) बांधावर रचून ठेवू नका, जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावा. २०१७ मध्ये विदर्भात बोंडअळीने कपाशीचं काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. आम्ही अर्धं शेत फेब्रुवारीच्या आधीच उपटलं होतं.

तर सरकीतली अळी दोन वर्षं कशासाठी थांबते? समुद्र ओलांडायला तर नक्कीच नाही.

---

टवाळ

बारा वर्षं झोपणारा एक नातेवाईक माझ्याकडेही आहे, पण तो बी खात नाही, पोहे खातो.

---

गोंडवन

धागा उत्तम. पण शंकासुर, समुद्रप्रवासाचं स्पष्टीकरण इतक्या सहज उडवून लावू नका.

फिजी आणि व्हानुआतू ही ज्वालामुखीतून वर आलेली बेटं. गोंडवन या दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाचे तुटलेले तुकडे नाहीत. तिथे कौरी आहे आणि कौरीच्या बीतला पतंगही आहे. म्हणजे दोघंही कधीतरी पाणी ओलांडून आले. पतंग उडत शेकडो किलोमीटर आला म्हणण्यापेक्षा बीच्या आत बसून आला हे जास्त शक्य वाटतं.

बीतला किडा बीबरोबर प्रवास करतो यासाठी लांब जायला नको. आंब्याच्या कोयीतला भुंगा घ्या. फळ बाहेरून स्वच्छ आणि कोयीत भुंगा निवांत. अमेरिकेने भारतीय आंबा २००७ मध्ये घेतला तो विकिरण करण्याच्या, म्हणजे फळांवर किरणांचा मारा करण्याच्या अटीवर, आणि त्यामागचं मोठं कारण हेच कोयीतले भुंगे. लासलगावच्या 'कृषक' केंद्रात पेट्यांना किमान ४०० ग्रेची मात्रा देऊनच माल पाठवला गेला. जिथे माणूस बी नेतो तिथे किडा जातो, मग वारा आणि समुद्र बी नेत असतील तर किडा का जाणार नाही?

---

शंकासुर

गोंडवन, मुद्दा रास्त आहे. बीबरोबर पतंग बेटावर पोचला असेल हे मी नाकारत नाही. मी एवढंच म्हणतोय की बारा वर्षांची झोप *त्यासाठी* तयार झाली नाही.

असं बघा. ज्या बीत अळी आहे ती बी उगवणार नाही, अळीने आतला गर खाल्लाय. बेटावर पोचलेल्या पतंगाला दोन गोष्टी लागतील, एक जोडीदार आणि दुसरी शंकू धरणारं कौरीचं झाड. समजा त्याच वेळी दुसरी चांगली बी वाहून आली आणि रुजली. कौरीला शंकू धरायला कितीतरी वर्षं लागतात. बारा वर्षं झोपूनही अळीचा हिशोब जुळत नाही.

शिवाय कौरीची बी स्वतः अल्पायुषी आहे. उघड्यावर ठेवली तर काही आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत तिची उगवणक्षमता जाते. रोपवाटिकावाल्यांना विचारा, ते कौरीची बी ताजी असतानाच पेरायची घाई करतात. म्हणजे बी मरून वर्षं लोटली तरी आतली अळी जिवंत. फक्त बीबरोबर प्रवास करायचा असता तर बीच्या आयुष्यापेक्षा इतकं लांब जगायचं कारण नव्हतं.

नैसर्गिक निवड दरवर्षी झाडाखाली होते. समुद्रप्रवास लाख वर्षांत एखाद्या वेळी. रोजच्या कशाने तरी ही झोप घडवली असणार.

---

गोंडवन

पहिल्याच बीबरोबर पतंगाने यायला हवं असं कोण म्हणतंय? कौरी आधी येऊ द्या, जंगल होऊ द्या. पतंग नंतर येईल, हजार वर्षांनी येईल. तेव्हा लांब झोपेचा फायदा होईलच.

---

शंकासुर

होईल, मान्य. फायदा होणं आणि त्या फायद्यामुळे गुण टिकणं यात मला फरक वाटतो. बेटावर पोचण्यात झोपेची मदत झाली, हे मी लिहून द्यायला तयार आहे. झोप आधीपासून होती आणि ती प्रवासात कामी आली, असं.

---

मावशी_ब्रिस्बेन

मी इथे ब्रिस्बेनला बरीच वर्षं आहे. क्वीन्सलँड कौरी इथल्या बागांमध्ये भरपूर लावलेली आहे. पतंग मी पाहिलेला नाही, पण झाड आणि बी यांच्याबद्दल सांगू शकते.

खोड एकदम सरळसोट, वर जाताना फारसं निमुळतं होत नाही. पहिली फांदी कुठच्या कुठे वर. साल गुळगुळीत, तिचे पातळ पापुद्रे सुटतात आणि खोडावर जागोजागी राळेचे ओघळ. मादी शंकू हिरवा, गोल, साधारण कवठाएवढा. झाडावर दीडेक वर्ष राहून पिकतो आणि पिकला की झाडावरच फुटतो. पाइनचा शंकू अख्खा खाली पडलेला मिळतो तसा हा मिळत नाही. जमिनीवर नुसता त्रिकोणी खवल्यांचा आणि बियांचा सडा. म्हणून बी गोळा करणाऱ्यांना शंकू फुटायच्या आधी, झाडावर चढून काढावे लागतात.

बी सेंटीमीटरभर. एका बाजूला पातळ पंख, मधमाशीच्या पंखाइतका पारदर्शक नाही पण उन्हात धरला की शिरा दिसतात. दुसऱ्या बाजूला पंखाचा नुसता कोंब राहिलेला. नखाने सोलल्या तर चारपाचांत एकदोन पोचट निघतातच, आत काही नसतं. ज्यात गर असतो तो पांढरा आणि तेलकट, बोटाला राळेचा वास राहतो.

आणि शंकासुरांच्या बाजूने एक. दरवर्षी बी सारखी येत नाही. एखाद्या उन्हाळ्यात चालायला जागा नाही इतकं पडतं, मग एखादा उन्हाळा असा की शोधून चार खवले मिळत नाहीत. इथला उन्हाळा म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, हे आपलं जाता जाता.

अवांतर: इथली मूळ कौरी १८६० च्या दशकापासून बेसुमार तोडली गेली. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरच्या कूलूलाच्या जंगलातून लाकूड आणायला १८७३ मध्ये चक्क वाफेच्या इंजिनाची छोटी रेल्वे घातली होती. समोरच्या क'गारी बेटावर, म्हणजे पूर्वीच्या फ्रेझर बेटावर, तोड १९९१ मध्ये थांबली आणि पुढच्याच वर्षी बेट जागतिक वारसा झालं.

---

शंकासुर

मावशी, तुम्ही माझं काम केलंत. हेच मला म्हणायचं होतं.

ज्या झाडाची बी एका वर्षी ढिगाने आणि दुसऱ्या वर्षी नगण्य येते, त्या झाडावर पोट भरणाऱ्या किड्याची पंचाईत होते. सगळी पिल्लं पुढच्याच वर्षी बाहेर पडली आणि त्या वर्षी शंकूच नसले तर वंश बुडाला. काही बाहेर पडली, काही थांबली, तर कोणाला तरी चांगलं वर्ष मिळतं. युरोपातल्या चेस्टनटच्या सोंडकिड्यात हे नीट अभ्यासलं गेलंय. एकाच मादीच्या पिल्लांतली काही पुढच्या वर्षी बाहेर येतात, काही आणखी एकदोन वर्षं जमिनीत राहतात.

कपाशीवाला, तुमची बोंडअळीसुद्धा याच हिशोबात बसते. पुढच्या पावसाळ्यात कापूस वेळेवर पेरला जाईल याची तिला खात्री नाही.

---

कपाशीवाला

आम्हाला तरी कुठे असते.

---

उंबरठा

सह्याद्रीतली कारवी सात वर्षांनी फुलते. तिच्या बियांवर असा कोणी आहे का, मधली सहा वर्षं झोपून काढणारा?

---

शंकासुर

कारवीवर असा नेमका पाहुणा असल्याचं माझ्या वाचनात नाही, म्हणून अंदाज करत नाही. फुलोऱ्याच्या वर्षी मधमाश्यांची जी चंगळ होते ती पाहिली आहे. दुष्काळ-सुकाळाचा प्रश्न तोच, हे बरोबर.

---

लालबागकर

आधी खुलासा: हे बंगळूरूचं लालबाग, गणपतीचं नाही.

आमच्या लालबागेत क्वीन्सलँड कौरीची जुनी, उंच झाडं आहेत, पाटीसह. रविवारी सकाळी माणसं त्यांच्या सावलीत प्राणायाम करतात आणि पाटी कोणी वाचत नाही. मी धागा वाचून मुद्दाम त्यांच्याखाली जाऊन आलो. खवले होते, बिया होत्या, त्या फोडून पाहिल्या. बहुतेक पोचट. अळी अर्थातच नाही. झाड दुसऱ्या देशात गेलं आणि त्याचा किडा मागे राहिला, याचं हे नमुनेदार उदाहरण. गोंडवन, हे तुमच्या विरोधात जातं का?

---

गोंडवन

जात नाही. एकदा नेलेल्या थोड्याशा बियांत अळी नव्हती, किंवा होती आणि एकटाच पतंग निघाला, एवढंच सिद्ध होतं. पोचणं अवघड असतं हे मीही म्हणतोच आहे.

उलट आणखी एक कोडं देतो. कौरीचं मूळ घर फक्त ऑस्ट्रेलिया नाही. अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात लागुना देल हुंको इथे सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वीचे अगॅथिसचे जीवाश्म मिळालेत, शंकू आणि पानांसकट. म्हणजे तेव्हा अंटार्क्टिका ओलांडून हे झाड दोन्हीकडे होतं. दक्षिण अमेरिकेतून कौरी गेली. तिच्यावर पतंग होता की नाही? असला तर तोही गेला. आज दोनच जाती उरल्यात त्या मुळात दोनच होत्या म्हणून नसाव्यात.

---

शंकासुर

याच्याशी शंभर टक्के सहमत. दोन जातींचं कूळ म्हणजे मोठ्या घराण्याची उरलेली टोकं. म्हणूनच 'हा पतंग २० कोटी वर्षं जसाच्या तसा राहिला' अशा मथळ्यांवर विश्वास ठेवू नये. तोंड राहिलं, अळी पार बदलली, झाडसुद्धा बहुधा बदललं असेल.

पतंगांच्या वंशवृक्षात त्याची जागा नेमकी कुठे यावरही एकमत नाही. जुन्या मांडणीत आधी मायक्रोप्टेरिजिडी फुटली, मग अगॅथिफॅगा, मग हेटेरोबॅथमिया आणि शेवटी सोंडवाले. २०१५ सालच्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात मायक्रोप्टेरिजिडी आणि अगॅथिफॅगा एकमेकांच्या बहिणी निघाल्या. अगॅथिफॅगा खोडाच्या बुडाशीच आहे, भांडण फक्त फांदी कोणाबरोबर यावर.

---

मी_अनुस्वार

मूक वाचक, पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय. मी कीटकशास्त्रात एम.एस्सी. करतेय, त्यामुळे हात शिवशिवले.

लांब झोपेचा विक्रम अगॅथिफॅगाकडे नाही. अमेरिकेच्या वाळवंटात युक्का नावाच्या झाडाच्या फळांत राहणारा प्रोडॉक्सस वाय-इन्व्हर्सस नावाचा पतंग आहे. बर्कलेच्या जेरी पॉवेल यांनी त्याच्या अळ्या सांभाळून ठेवल्या. काही १६ आणि १७ वर्षांनी बाहेर आल्या, पुढच्या नोंदी २०, २५ आणि ३० वर्षांच्या! वाळवंटात समुद्र नाही, बेटं नाहीत. युक्काचा फुलोरा मात्र बेभरवशाचा. इथवर शंकासुरांचाच मुद्दा.

पण माझी एक शंका आहे. पॉवेल यांच्या पतंगांमधले बरेच एकाच वसंतात, घोळक्याने बाहेर पडले. थोडे यंदा, थोडे पुढच्या वर्षी, असा जुगार असता तर ते विखरून निघायला हवे होते. सगळे एकदम उठले म्हणजे त्यांना कसली तरी खूण मिळाली असणार, थंडीची किंवा पावसाची. मग ही विमा काढल्यासारखी विभागणी म्हणायची की हवामान पाहून घेतलेला निर्णय? अगॅथिफॅगाच्या बाबतीत कोणतं?

---

शंकासुर

स्वागत, अनुस्वार. मूक राहू नका.

दोन्ही गोष्टी एकाच किड्यात असू शकतात. खूण मिळाली की उठायचं, पण सगळ्यांनी एकाच खुणेला उठायचं असं नाही. फरक एवढाच की युक्काला जो पाऊस फुलवतो, तोच पाऊस पतंगालाही कळतो, म्हणून एकदम उठणं तिथे परवडतं. कौरीचा शंकू दीड वर्ष झाडावर असतो. यंदा जमिनीवर बीत पडलेल्या अळीला वर चाळीस-पन्नास मीटरवर पुढचे शंकू धरलेत की नाही हे कळायचा मार्ग मला दिसत नाही. म्हणून माझा कल विभागणीकडे.

तपासायचं तर सरळ आहे. एकाच झाडाच्या, एकाच हंगामातल्या बिया घ्यायच्या, प्रत्येक बी वेगळ्या कुपीत, निम्म्या कुपी बाहेरच्या हवेत आणि निम्म्या एकसारख्या तापमानात. कोणत्या कुपीतून कोणत्या वर्षी पतंग निघतो ते लिहीत जायचं. एकसारख्या तापमानातल्या कुपींतूनही विखरून निघाले तर विभागणी. बाहेरच्या कुपींत घोळक्याने आणि आतल्यांत कोणीच नाही, असं झालं तर खूण.

---

मी_अनुस्वार

प्रयोग सोपा आहे, मान्य. फक्त माझा कोर्स दोन वर्षांचा आहे.

---

टवाळ

पीएच.डी.ला घाला. आमच्या विद्यापीठात बारा वर्षं काही विशेष नाहीत.